वीस मिनिटांची सही

शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या माझ्या प्राथमिक शाळेत पाहण्यासारखं फारसं काही नव्हतं. एकमजली, विटांची, सपाट छपराची इमारत होती आणि आत लांबच लांब कॉरिडॉर होते. सांगलीच्या शाळेतून दुसरी पास होऊन मी थेट तिथे तिसरीत बसले, आणि ही शाळाच आहे यावर माझा पहिला आठवडाभर विश्वास बसला नाही. सांगलीत शाळा कोपऱ्यावरून ऐकू यायची. इथे मुलं भिंतीच्या कडेने एका ओळीत, तोंडावर बोट ठेवून चालायची, आणि ओळीच्या पुढे कोणी राहायचं याच्या पाळ्या ठरलेल्या असायच्या. माझी पाळी आली त्या दिवशी मी अख्खा वर्ग ग्रंथालयाऐवजी झाडू-बादल्यांच्या खोलीशी नेला. कोणी काही म्हणालं नाही, कारण ओळीत बोलायची परवानगी नव्हती.

वर्गातल्या खुर्च्यांच्या पायांना टेनिसचे चेंडू चिरून बसवलेले होते. खुर्ची सरकवताना आवाज होऊ नये म्हणून. पहिल्या दिवशी मला सोडायला आलेल्या आईने ते मोजले. बावीस खुर्च्या, अठ्ठ्याऐंशी चेंडू. "एवढ्या बॉलांवर आपल्या गल्लीतली पोरं दहावीपर्यंत खेळली असती," असं ती म्हणाली. पुढे कितीतरी वर्षं, फोनवर कोणाला अमेरिका कशी आहे हे सांगायचं झालं की ती इथूनच सुरुवात करायची.

मग वादळाची कवायत होती. भोंगा वाजला की आम्ही सगळ्यांनी कॉरिडॉरमध्ये भिंतीकडे तोंड करून, डोकं गुडघ्यांत घालून, मानेवर हात ठेवून बसायचं. इलिनॉयमध्ये चक्रीवादळं येतात आणि तेव्हा असं बसायचं असतं, हे बाईंनी सांगितलं असणार. पण माझं तेव्हाचं इंग्रजी बेताचंच. मी घरी येऊन सांगितलं की आज सगळ्या शाळेला शिक्षा झाली.

"काय केलं होतंत?" बाबांनी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही केलं तर शिक्षा कशी होईल?"

दुसऱ्या दिवशी बाबांनी माझ्या दप्तरात बाईंसाठी चिठ्ठी दिली, की कालच्या शिक्षेचं कारण कळवावं. बाईंनी वादळाबद्दलचं एक छापील पत्रक पाठवलं. बाबांनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं, तारीख घातली आणि फाइलला लावलं.

ही फाइल काळी होती, तिला चेन होती, आणि तिच्यात आम्ही सगळे होतो. पासपोर्ट, व्हिसाचे कागद, बाबांच्या मार्कशीट, आईबाबांच्या लग्नाचा दाखला, माझ्या लशींचं कार्ड. "आपण इथे राहतो ते कागदावर," बाबा म्हणायचे. "कागद खरा आहे तोवर आपण आहोत." त्यांच्या बोलण्यात विनोद वगैरे काही नसायचा. ते सॉफ्टवेअर तपासायचं काम करायचे. दुसऱ्याने केलेल्या कामात चुका शोधायच्या आणि सापडल्या नाहीत तरच सही करायची. कंपनीत त्यांचं नाव चांगलं होतं. लोकप्रिय होते असं म्हणता येणार नाही.

सहीबद्दल आमच्या घरात जे काही होतं ते आजोबांपासून आलं होतं. आजोबांनी एकदा शेजाऱ्याच्या कागदावर साक्षीदार म्हणून न वाचता सही केली. शेजारी म्हणाला, "मास्तर, नुसती सही तर करायचीय," आणि आजोबा भिडस्त. नंतर त्या कागदावरून भावाभावांत दावा लागला आणि आजोबा नऊ वर्षं तारखांना जात राहिले. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आजोबा ती इतक्या वेळा चढले की बाहेरचा चहावाला त्यांना नावाने हाक मारायचा. बाबा तेव्हा माझ्याएवढे होते. शाळा नसेल त्या दिवशी ते डबा घेऊन आजोबांबरोबर जायचे आणि बाकावर बसून राहायचे. आत वकील आजोबांना दर वेळी एकच विचारायचा: ही सही तुमचीच का? आजोबा हो म्हणायचे. मग तुम्ही कागद वाचला होता का? आजोबा गप्प व्हायचे.

हे सगळं माहीत असूनही आई म्हणायची की ह्यांना समजवायला ब्रह्मदेव आला तरी तोच सही करून परत जाईल.

तर अशा घरात सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात रीडिंग लॉग आला. एक पिवळा कागद. महिन्याच्या दिवसांचे चौकोन. रोज वीस मिनिटं पुस्तक वाचायचं आणि त्या दिवसाच्या चौकोनात पालकांनी सही करायची. बस. शेजारच्या इमारतीत नागपूरचे एक काका राहायचे, त्यांचा मुलगा चौथीत होता. त्यांनी बाबांना पद्धत समजावून सांगितली. "अरे यार, एक तारखेला सगळ्या सह्या मारून द्यायच्या ना. महिनाभर कटकट नाही. कोण चेक करतंय?"

बाबा त्यांच्याशी तेव्हापासून थोडे जपून वागायला लागले.

आमच्याकडे वाचन संध्याकाळी सात वाजता व्हायचं. मी डायनिंग टेबलच्या एका बाजूला, बाबा समोर, मध्ये त्यांचं मनगटी घड्याळ. मी पाणी प्यायला उठले तर तेवढा वेळ वजा. खिडकीतून बाहेर पाहिलं तर वजा. एकदा माझं एकच पान सहा मिनिटं चाललं होतं. बाबांनी मला त्या पानावर काय आहे ते विचारलं. मी म्हटलं, कुत्रा. पानावर कुत्र्याचं चित्र होतं हे खरं, पण बाबांनी सहाही मिनिटं वजा केली.

आणि मग ते सही करायचे. पण नुसती नाही. सांगलीच्या प्रगतिपुस्तकात शेऱ्याचा रकाना असायचा, तो या कागदावर नव्हता, म्हणून बाबा चौकोनाच्या कडेने बारीक अक्षरात शेरा लिहायचे. इंग्रजीत लिहायचे, मी मराठीत सांगते. 'अठरा मिनिटे. उरलेली दोन मिनिटे वाचलेली नाहीत.' 'वीस मिनिटे, परंतु लक्ष नव्हते.' 'चौदा मिनिटे. पोट दुखते असे सांगितले. जेवण व्यवस्थित केले.' आणि ज्या दिवशी ते कामावरून उशिरा यायचे त्या चौकोनात: 'मी उपस्थित नव्हतो. सांगता येत नाही.'

अशा दिवशी आई चिडायची. "अहो, मी होते ना घरात! वाचलं तिने. मी करते सही."

"शाळेत सही माझी दिलीय."

म्हणजे असं, की प्रवेशाच्या फॉर्मवर बाबांनी सही केली होती. बँकेत नमुन्याची सही जुळली नाही की चेक परत येतो, तसंच शाळेचंही असणार, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. शाळेने असं कधी म्हटलेलं नव्हतं. पण शाळेने नाही असंही म्हटलेलं नव्हतं, आणि बाबांसाठी तेवढं पुरेसं होतं.

"दोन मिनिटांनी काय आकाश कोसळणारेय?" आई म्हणायची.

"आकाश नाही कोसळत. सही खोटी पडते."

मला यात काही अडचण वाटली नसती. अडचण आगगाडीची होती. फळ्यापासून दारापर्यंत भिंतीवर बाईंनी कागदाची एक आगगाडी लावली होती. ज्याचा महिन्याचा लॉग पूर्ण, म्हणजे रोजची वीस मिनिटं आणि रोजची सही, त्याच्या नावाचा डबा गाडीला लागायचा. बावीसच्या बावीस डबे लागले की शुक्रवारी अख्ख्या वर्गाला पिझ्झा आणि दुपारभर खेळ. सप्टेंबरच्या शेवटी एकवीस डबे लागले. माझी जागा बाईंनी मोकळी ठेवली होती, अगदी मधोमध, मला वाईट वाटू नये म्हणून. त्यामुळे गाडीचे दोन तुकडे झाले आणि ते का झाले हे दारातून आत येणाऱ्या कोणालाही दिसायचं.

बाईंनी बाबांना फोन केला. बाई चांगल्या होत्या, तरुण होत्या, सगळ्यांशी हसून बोलायच्या. बाबांनी फोन स्पीकरवर ठेवला होता. बाई म्हणाल्या की तुमची मुलगी छान वाचते, इतकं काटेकोर राहायची गरज नाही, साधारण वीस मिनिटं झाली की सही करा.

"साधारण?" बाबा म्हणाले.

"हो, साधारण."

"मग कागदावर तसं छापायला हवं," बाबा अतिशय नम्रपणे म्हणाले. बाई हसल्या. त्यांना वाटलं बाबा गंमत करतायत.

वर्गात मला कोणी मारलं नाही, चिडवलंही नाही. त्या शाळेत चिडवण्याविरुद्ध पोस्टर लावलेलं होतं. फक्त माझ्या टेबलावरचा एक मुलगा एका सकाळी, रंगपेटीतला हिरवा खडू शोधत असताना, सहज म्हणाला, "तुझ्या वडिलांनी आमची गाडी मोडली." बसमध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीने जागा बदलली. ती म्हणाली तिला खिडकी हवी होती. खिडकी तिच्याकडेच होती.

मी आठ वर्षांची होते. मला तिथे एकच मैत्रीण होती आणि आता तीही तीन बाकं पुढे बसत होती. मी रोज वीसच्या वीस मिनिटं वाचायचा मनापासून प्रयत्न केला. पण 'मी उपस्थित नव्हतो' या शेऱ्याला माझ्याकडे उपाय नव्हता. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच बाबा दोनदा उशिरा आले. तो महिनाही गेलाच होता.

तेव्हा मी बाईंना सांगितलं की माझा लॉग हरवला. त्यांनी दुसरा दिला.

बाबा सही मराठीत करायचे. अजूनही करतात. अक्षरं एकात एक गुंतलेली, वरून एक लांब रेघ आणि खाली दोन टिंबं. बाईंना ती वाचता यायची नाही. त्या तिला सुंदर चित्र म्हणायच्या, आणि मी तिच्याकडे चित्र म्हणूनच पाहिलं. पोस्टातून येणाऱ्या सवलतीच्या जाहिरातींच्या मागच्या बाजूवर मी सराव केला. चार दिवस लागले. घोडा मला आजही काढता येत नाही, पण ती सही मी तेव्हा डोळे मिटूनसुद्धा काढू शकले असते. मग एका दुपारी, आई कपडे धुवायला खालच्या लॉन्ड्रीत गेली होती, तेव्हा मी नव्या कागदाचे सगळे चौकोन भरले. वीस, सही. वीस, सही. एकतीस वेळा. घरात बाबा खऱ्या कागदावर शेरे लिहीत राहिले आणि माझ्या दप्तराच्या तळाशी दोन नंबरचा कागद तयार होता. खरा कागद महिनाअखेरीला मीच शाळेत नेते म्हणून सांगितलं होतं. पण बाबांनी तो मला दिला नाही. ते म्हणाले, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पालकसभा आहे, तेव्हा मी स्वतःच बाईंच्या हातात देईन.

हे त्यांनी सांगितलं तोवर मी दोन नंबरचा कागद बाईंना देऊन बसले होते.

बाविसावा डबा लागला. वर्गाने टाळ्या वाजवल्या. पिझ्झा पुढच्या शुक्रवारी ठरला आणि पालकसभा त्याआधीच्या मंगळवारी. मला त्या आठवड्यात खरंच पोटात दुखत होतं, पण तसं सांगायची सोय राहिली नव्हती.

पालकसभेला मुलांनाही बसवायची त्या शाळेची पद्धत होती. मंगळवारी संध्याकाळी बाबा कामावरून लवकर निघून आले. कामावरचा शर्ट, काखेत काळी फाइल. मोठ्यांसाठी वेगळ्या खुर्च्या नव्हत्या, त्यामुळे बाबा माझ्या खुर्चीवर बसले आणि त्यांचे गुडघे टेबलाच्या वर आले. मी शेजारी. बाई समोर. फाइल बाबांच्या मांडीवर. तिच्यात सगळ्यात वर ऑक्टोबरचा खरा कागद होता, मला पिवळी कड दिसत होती.

बाईंनी माझं गणित चांगलं आहे म्हणून सांगितलं. बाबांनी मान डोलावली. माझं इंग्रजी सुधारतंय म्हणून सांगितलं. बाबांनी कितीने, असं विचारलं. बाईंनी अंदाज दिला. मग त्या म्हणाल्या, "आणि रीडिंग लॉग," आणि त्यांनी तो टेबलावर ठेवला.

बाबांनी फाइलच्या चेनवर ठेवलेला हात तसाच राहिला.

बाई आता हसत नव्हत्या. त्या म्हणाल्या, हा महिना फार वेगळा आहे. सगळीकडे वीस आहे आणि एकही टिप्पणी नाही. मला तुमच्या टिप्पण्या वाचायची सवय झाली होती. मग त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कागद बाबांच्या बाजूला फिरवला. "मला विचारावं लागतंय, कारण शुक्रवारी सगळ्या वर्गाला पिझ्झा आहे आणि मला खात्री हवी. ही सही तुमचीच का?"

माझे बाबा काय उत्तर देणार याबद्दल मला तसूभरही शंका नव्हती. मी त्यांना ओळखत होते. ते खरं सांगतील, फाइल उघडतील, खरा कागद बाहेर काढतील. बाई वाचतील. डबा भिंतीवरून उतरेल, एकवीस मुलांचा पिझ्झा जाईल, आणि का गेला हे एकवीस मुलांना कळेल. मी बाबांकडे पाहिलं. मान खाली घालावी हे सुचलंसुद्धा नाही, मी नुसती पाहत राहिले.

बाबांनी कागद उचलला. चष्मा वर करून जवळून पाहिला. पहिल्या तारखेपासून एकतीसपर्यंत प्रत्येक चौकोन. याला बराच वेळ लागला. शेजारच्या वर्गात कोणीतरी खुर्ची सरकवली आणि तिचा आवाज झाला नाही.

"हो," बाबा म्हणाले. "माझीच."

"सगळ्या?"

"सगळ्या." मग त्यांना बहुधा वाटलं की एवढं पुरेसं नाही. ते म्हणाले, "या महिन्यात सुधारणा झाली."

बाईंनी थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं, मग "छान" म्हटलं आणि विज्ञानाचा विषय काढला. फाइल बाबांनी उघडलीच नाही. पूर्ण वेळ त्यांचा पंजा तिच्यावर पसरलेला होता, आणि उठताना मी पाहिलं, काळ्या रेक्झिनवर हाताचा घामट ठसा उमटला होता.

 घरी आल्यावर त्यांनी माझा कागद मागितला. बाईंनी तो परत दिला होता. त्यांनी तो टेबलावर सरळ केला आणि खाली आपली एक सही काढून पाहिली, मग माझ्या सह्यांशी ताडून पाहिली.

"रेघ बरोबर आलीय," ते म्हणाले. "टिंबांमधलं अंतर जास्त आहे. सगळीकडेच जास्त आहे."

मी रडायला लागले. मला ओरडा हवा होता. फटका हवा होता. सांगलीत या गुन्ह्याला काय मिळतं हे मला माहीत होतं आणि ते मिळालं असतं तर मी मोकळी झाले असते. बाबा म्हणाले, "परत करायचं नाही." मी मान हलवली. ते म्हणाले, "आईला नको सांगूस. आत्ता नको." आणि मला पुस्तक आणायला सांगितलं, कारण सात वाजले होते.

शुक्रवारी पिझ्झा झाला. मी दोन तुकडे खाल्ले. बसमध्ये मैत्रीण परत येऊन माझ्या शेजारी बसली आणि या वेळी खिडकी तिने मला दिली. हवं होतं ते सगळं मला मिळालं होतं. मला त्या दिवशी फार लाज वाटत होती.

नोव्हेंबरच्या लॉगवर बाबांनी सही केली नाही. आईला म्हणाले, तू कर. आई म्हणाली, नमुना जुळणार नाही, त्याचं काय? ते म्हणाले, जुळेल. आईने महिनाभराच्या सह्या वेळच्या वेळी, हसत हसत केल्या. डिसेंबरच्याही तिनेच. मग सहलीच्या परवानगीचा कागद, प्रगतिपुस्तक, पुढे मिडल स्कूल, हायस्कूल, कॉलेजच्या अर्जावरची पालकांची सही, सगळं आईने केलं. त्या मंगळवारनंतर माझ्या शाळेच्या एकाही कागदावर बाबांनी सही केली नाही. आई समजायची की ह्यांना कंटाळा आला. मला कारण माहीत होतं. माझ्यावरचा त्यांचा विश्वास उडाला होता, आणि ज्या मुलीने आपली सही चोरली तिच्या कागदाला ते हात लावणार नव्हते. मी त्यांना कधी विचारलं नाही. काही शिक्षा चालू आहेत का, हेही विचारायची हिंमत होत नाही.

हे असं अठरा वर्षं चाललं.

गेल्या वर्षी बाबांची नागरिकत्वाची मुलाखत झाली. ग्रीन कार्डाच्या रांगेत त्यांची मधली सगळी वर्षं गेली होती. आईची मुलाखत महिनाभर आधी झाली, दहा मिनिटांत आटोपली. ती बाहेर आली तेव्हा माझी कॉफीसुद्धा संपली नव्हती. बाबांना मी शिकागोला घेऊन गेले. आत फक्त त्यांनाच जाता येत होतं, मी खाली पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिले. अर्धा तास झाला. पाऊण तास झाला. मी आईला फोन केला. ती म्हणाली, "त्यांनी प्रश्नांत चुका काढल्या असतील."

तासाभराने बाबा आले. दार उघडून बसले, फाइल मांडीवर ठेवली, पट्टा लावला.

"एवढा वेळ का लागला?"

"फॉर्मवर एक प्रश्न होता," बाबा म्हणाले. "कधी सरकारी अधिकाऱ्याला खोटी माहिती दिली आहे का. मी 'हो' लिहिलं होतं."

फॉर्म त्यांनी स्वतः भरला होता. मला दाखवला नव्हता, वकिलालाही नाही. मी म्हटलं, "बाबा, काय केलंत तुम्ही? कधी दिलीत खोटी माहिती?"

"तुझ्या तिसरीच्या बाईंना. शाळा सरकारी होती." ते पुढच्या काचेतून समोरच्या खांबाकडे पाहत होते. "सोबत एक पान जोडलं होतं. मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्याने ते वाचलं. मग म्हणाला, तोंडी सांगा. मी सांगितलं. मग तो आत जाऊन कोणालातरी विचारून आला."

"आणि?"

"पास केलं."

 अठरा वर्षांची वाट, घर, आमचं सगळं, एका पिवळ्या कागदापायी त्यांनी पणाला लावलं होतं. मला त्यांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच रागात मी विचारून टाकलं.

"त्यानंतर तुम्ही माझ्या एकाही कागदावर सही केली नाहीत. मला ती शिक्षा होती ना?"

बाबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्यांना खरोखरच काही कळलं नव्हतं.

"तुला कशाची शिक्षा?" ते म्हणाले. "तू नुसती सही काढली होतीस. खोटी मी केली. 'माझीच' म्हणून सांगितलं ना. ज्याने शाळेत खोटं सांगितलं त्याची सही शाळेला कशी चालेल? म्हणून आईला म्हटलं, तू कर."

मागच्या गाडीने हॉर्न दिला, तिला आमची जागा हवी होती. मी हात हलवून नाही म्हटलं.

"त्या अधिकाऱ्याने आणखी एक विचारलं," बाबा म्हणाले. "फॉर्मवर नव्हतं ते, असंच विचारलं. आज त्या बाई समोर आल्या आणि तोच कागद पुढे ठेवला, तर खरं सांगाल का?"

"मग?"

"मी म्हटलं, मुलगी शेजारी बसलेली नसेल तर सांगेन."